पोटात शिरायचा चष्मा

आम्हा रेडिऑलॉजिस्टांना पेशंटचं तोंड क्वचितच दिसतं. पोट मात्र आम्ही चकत्या-चकत्यांनी ओळखतो. सीटी स्कॅनच्या त्या आडव्या चकत्या नेहमी पायांकडून पाहायच्या. पेशंट उताणा पडलाय आणि आपण पायथ्याशी उभे आहोत, असं धरून चालायचं. सगळीकडे हीच रीत, आणि मला तिच्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. एकलहऱ्याकडच्या एका बाईंच्या किडनीत गाठ निघाली. किडनी एकच, दुसरी त्यांनी मुलाला दिलेली. हीसुद्धा काढावी लागली, तर उरलेला जन्म डायलिसिसवर. आमच्या सर्जननी फिल्म खिडकीशी धरली आणि म्हणाले, "मॅडम, गाठ मुख्य रक्तवाहिनीला चिकटलीय. सगळी किडनी जाणार."

मलाही तसंच दिसत होतं, पण मन मानेना. माझा मोठा भाऊ सातपूरला साचे बनवायचा. पोलाद कापण्याआधी तो कॉम्प्युटरला जोडलेला एक अवजड चष्मा डोक्याला बांधून त्यात दिसणाऱ्या साच्याच्या आत हिंडून यायचा. मी स्कॅनची सीडी घेऊन त्याच्या दारात उभी राहिले.

"अगं, मी डाय बनवतो, किडन्या नाही!" असं म्हणत त्याने बरेच दिवस सॉफ्टवेअरशी झटापट केली. उपकार करताना कुरकुरायचं, हा आमच्या घराण्याचा गुणच आहे.

सर्जनना तिथवर नेणं म्हणजे दिव्यच होतं. "इतकी वर्षं हातांनी कामं केली, आता हे हेल्मेट कशाला?" असं पुटपुटत त्यांनी चष्मा चढवला आणि लगेच ओरडले, "मला पायाशी का उभं केलंय? मी काय पाय चेपायला आलोय? ऑपरेशनला पेशंट कुशीवर असतो. तसं वळवा!"

सवयीने मी सगळं पायांकडूनच मांडायला लावलं होतं. भावाने ते चित्र कुशीवर वळवलं. सर्जन एक पाऊल सरकले, वाकले, हवेत बोटं हलवू लागले आणि एका जागी थांबले. मग त्यांनी चष्मा काढून माझ्या डोक्यावर चढवला. गाठ आणि रक्तवाहिनी यांच्यामध्ये एक तिरकी फट होती. आमच्या आडव्या चकत्यांमध्ये ती हरवून गेली होती.

ऑपरेशनमध्ये फट तिथेच सापडली. गाठ निघाली, किडनी राहिली. दुसऱ्या दिवशी मी कधी नव्हे ती वॉर्डात गेले. कॉटला लटकवलेल्या पिशवीत लघवी साठलेली पाहिली आणि मला रडूच फुटलं. सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. कुरकुऱ्या भावाचे आणि खडूस सर्जनचे उपकार मी आजही विसरलेली नाही.

"याच मॅडम तुमच्या पोटात हिंडून आल्या," राउंडला आलेले सर्जन बाईंना म्हणाले.

बाईंनी माझा हात धरला. "बाई, त्या चष्म्यातून माझ्या पोराचं पोट बी दाखवा ना मला."

"का हो? त्याला काही त्रास होतोय का?"

"नाय वो, त्यो लय बरा हे. पन माझी दुसरी त्याच्या पोटात हे ना. दिल्यापासून तिला एकदा बी पाह्यलं नाय."