काढा सुनेने प्यायला, कंपूटरने शोधलं लेकाचं बीज

बायांनो, मी आजी होणार! लग्नाच्या आठ वर्षांनी आज आमच्या वनिताचा, सुनेचा, चांगला रिपोर्ट आला.

दवाखान्यात उपचाराला एआय वापरला म्हणे, म्हणून मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "तुमचा तो एआय करतो तरी काय ओ?"

त्या म्हणाल्या, "आजी, तुमच्या लेकाच्या नमुन्यात जिवंत बीज फारच थोडं होतं. आमच्या नजरेला सापडेना, ते कंपूटरने शोधून दिलं."

म्हंजे उणं लेकात होतं! आणि मी शेणवे गावच्या वैदूचा कडू काढा आठ वर्षं सुनेलाच पाजला. लेकाला चमचाभर पण नाय.

वनिता हसून बोलली, "आई, उरलेली बाटली आता ह्यांना द्या."

मी पण हसले, पण डोळं भरलं. कंपूटरने लेकात शोधलं, मग आमी बाया सुनेतच का शोधत बसलो गो?