कानात सांगायचा पासवर्ड

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा पोरगा गोंदियाहून आमगावच्या महिला केंद्रात एकदाच आला. नाव मी विचारलं नाही. केंद्रात कॉम्प्युटर एकच, पण प्रत्येक बाईचं खातं वेगळं. माझी बायको मेली, तिनं म्हटलेली धानाच्या रोवणीची गाणी तिच्या खात्यात राहिली. आमच्या गाईचं नाव हाच तिचा पासवर्ड. तेवढंच टाइप करायला मी शिकलो. रोज जाऊन ऐकायचो.

त्यानं रुमालानं बोटं पुसली आणि एक बटन दाबलं. "हो गया, सबका बदल गया." मग एकेकीला बोलावून, तोंडाला हात आडवा धरून, नवा पासवर्ड तिच्या कानात सांगू लागला. बायकोचं नाव पुकारलं तसा मी उठलो.

"बाई कुठं आहे?"

"मेली. मले सांग."

त्याचा हात खाली आला. "ज्याचा त्यालेच सांगतो, काकाजी. खातं रोज खुलून राहिलं, मले वाटलं बाई जिती आहे." पुन्हा बोटं पुसून त्यानं बटन दाबलं. "खातं मिटवून टाकलं."

"अरे, तिचा आवाज होता आत!"

तो आपल्या बोटांकडे पाहत राहिला. "आधी काऊन नाही सांगितलं, काकाजी?"

आता घरी बसल्या बसल्या माझी बोटं खाटेच्या लाकडावर गाईचं नाव टाइप करतात. काहीच उघडत नाही.