दोन्ही हात डावे : ॲन आर्बरला जाऊन पाहिलेलं एक शिल्प

केतकी आणि मी पुण्यात चित्रकलेच्या एकाच वर्गात होतो, आणि माझा हात तिच्यापेक्षा चांगला होता. हे आधीच सांगून टाकते. लग्नानंतर मी इकडे परदेशात, हर्नडनला आले. आता ॲपची बटणं डिझाइन करते. केतकी मात्र ॲन आर्बरच्या विद्यापीठात प्राचीन इजिप्तच्या थडग्यांतली उठावशिल्पं रेषेबरहुकूम कागदावर उतरवते, अभ्यासकांच्या पुस्तकांसाठी. तिनं चौथ्यांदा बोलावल्यावर मे महिन्यातल्या एका शुक्रवारी एकटीच निघाले.

ड्राइव्ह थांबत थांबत नऊ-साडेनऊ तासांचा. पेनसिल्व्हेनिया आणि ओहायोत टोल आहेत, टॅग लावून घ्या. खायचं घरूनच न्या. माझ्याकडे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. ओहायोतला रस्ता इतका सरळ, की डोळे मिटायला लागतात.

शनिवारी केतकीनं तिच्या कामाचं छोटं संग्रहालय दाखवलं. तिकीट नाही, गर्दीही नाही. चुनखडीच्या शिळेवर मेलेला गृहस्थ आणि त्याची बायको जेवणाच्या चौरंगापुढे बसलेली. पाव, बदक, कांद्यांची जुडी. भोवतीचा दगड खरवडून आकृत्या उठवलेल्या, जाडी जेमतेम नखाएवढी. तरी बायकोच्या झुळझुळीत वस्त्राखालचा गुडघा कळत होता. कोरलेलं अन्न त्यांना मेल्यावर मिळणार अशी श्रद्धा होती, असं केतकी सांगत होती.

मग तिनं त्याच शिळेचं आपलं रेखाटन बाहेर काढलं. सोमवारी ते छपाईला जाणार होतं. काय रेषा होती! ही रेषा माझी असायला हवी होती.

आणि तेवढ्यात मला दिसलं. दगडातल्या माणसाचे दोन्ही हात डावे होते, अंगठे एकाच बाजूला. इजिप्तचे कारागीर असं करत. केतकीनं नकळत एक हात उजवा करून टाकला होता.

"कसं वाटलं?" तिनं विचारलं.

"मस्त," मी म्हणाले.

रात्री तिनं पिठलं-भात केला, तिचे प्रोफेसर कसे खूश आहेत ते सांगितलं. मी दोनदा भात घेतला. इतकं छान मला दिवसभरात वाटलं नव्हतं.

रविवारी परतताना ओहायोत कॉफीला थांबले. कप तसाच राहिला. शेवटी केतकीला फोन लावला आणि हाताचं सांगितलं. ती शिळेचा फोटो उघडून बघत असावी; पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली.

"तुला कधी दिसलं?"

"काल. तिथंच."

"बरं," ती म्हणाली, आणि ठेवते म्हणाली.

दुरुस्त रेखाटन सोमवारी पहाटेच मेलवर आलं. खाली एकच ओळ : 'अजून काही दिसत असेल तर आत्ताच सांग.'

ऑफिसला उशीर करून मी ते मोठं करून करून तपासलं. बोटं, कांदे, बदकाची पिसं. एकही चूक नव्हती. तसं कळवलं. पण चुका शोधताना मी मैत्रिणीसाठी शोधत होते की एखादी सापडावीच म्हणून, ते मला अजून सांगता येत नाही.