सैल ठेवलेले चार बोल्ट

आमचे हे कुणावर विश्वास ठेवत नाहीत. मोजणी खात्यात तीस वर्षं जीप चालवली, पण गाडी गॅरेजमधून आली की चाकांचा नट न् नट स्वतः तपासल्याशिवाय साहेबांना आत बसू द्यायचे नाहीत. साहेब उन्हात उभे! तीस वर्षांत गाडीने एकदाही दगा दिला नाही, हे मात्र कबूल करायला हवं.

निवृत्त झाल्यावर एक जुनी जीप घेतली. गेल्या वर्षी उजव्या हाताला झटका येऊन गेला आणि ती अंगणात उभी राहिली ती राहिलीच. डॉक्टरांनी बंदी घातली नव्हती, ह्यांनीच स्वतःला घातली. मग एके दिवशी दारात हे भलंमोठं खोकं. जीप चार बोटं उंच करायचं सामान: स्प्रिंगचे नवे पाटे, लांब शॉकअब्सॉर्बर, रबराचे बुश, बोल्टांची पिशवी.

"खडकाळ वाटेवर हिचं पोट घासतं," म्हणाले. "मी एकट्याने बसवणार. जमलं तर परत चालवीन. नाही जमलं तर विकून टाकीन, पुन्हा नाव काढायचं नाही."

मी "बरं" म्हटलं. माझं "बरं" त्यांना चाळीस वर्षांत कळलेलं नाही.

गल्लीच्या टोकाला एक गॅरेजवाला आहे, सगळे त्याला वस्ताद म्हणतात. तो कुंपणावरून डोकावला. "काका, या वयात कशाला नसता उपद्व्याप? माझ्याकडे आणा की!" झालं. तेव्हापासून वस्ताद ह्यांच्या डोळ्यांत सलायला लागला.

दोन दिवसांत जीप जॅकने उचलून स्टँडवर ठेवली, जुने पाटे काढले, नवे चढवले. चाकं अधांतरी लोंबत होती. दुपारी हे जरा आडवे झाले आणि मी अंगणात गेले. मला काही राहवेना. चहा घेताना ज्या हातातली बशी वाजते, तो हात बोल्ट काय आवळणार? पाट्यांच्या टोकांचे नट चाचपले, तर चार नट नुसत्या बोटांनी फिरले! पान्याच्या दांड्याला पाइप घातला, सगळा भार टाकला आणि चारही गच्च आवळले. मग बाकीचेही पाहिले. पाना होता तिथे ठेवला आणि मी गुपचूप कपडे वाळत घालायला गेले.

संध्याकाळी ह्यांचा आवाज चढला. "कुणीतरी हात लावलाय गाडीला!"

चोराच्या मनात चांदणं. मी कपड्यांच्या घड्या घालत राहिले.

"त्या वस्तादचीच करणी! मला जमू नये म्हणून टपलाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहते तर काय, बाकीचे सगळे जागच्या जागी, पण तेच चार पुन्हा सैल! आता मलाही वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. वस्ताद खरंच येऊन सैल करतोय की काय? मेल्याला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवलं. पण आधी ते चार आवळले.

तिसऱ्या दिवशी ह्यांनी पुन्हा नटांवर पाना फिरवला, फाटकाला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि मगच झोपले. मी गेले. चारही सैल. पुन्हा आवळले. म्हटलं, हात खरंच गेला यांचा, वस्तादचा बिचाऱ्याचा काही दोष नाही.

संध्याकाळी आरडाओरडा नाही. बाहेर गेले तर हे पायरीवर बसलेले, चेहरा पांढराफटक.

"किल्ली माझ्याकडेच होती," म्हणाले. "म्हणजे मीच आवळले असणार. आणि मला आठवत नाहीये."

"म्हणजे?"

"अगं, ते चार मुद्दाम सैल ठेवायचे असतात. चाकं जमिनीला टेकली, गाडीचं वजन पाट्यांवर आलं, की मग आवळायचे. नाहीतर आतलं रबर पिळवटतं, फाटतं. पोराटोरांना कळणारी गोष्ट ही! तीनदा विसरलो मी. हाताचं एक वेळ चालेल गं, पण डोकं गेलं तर?" मग हळूच म्हणाले, "उद्या वस्तादला बोलव. घेऊन जाऊ दे गाडी, विकू दे."

गप्प बसले असते तर माझी लबाडी झाकून राहिली असती आणि हा माणूस जन्मभर स्वतःच्या डोक्यावर संशय घेत बसला असता.

"अहो, मी आवळले. तीनही दिवस. मला वाटलं, तुमच्या हातून राहिले."

ते बघतच राहिले. मग असे हसले, असे हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. "म्हणजे डोकं शाबूत आहे! अगं बये, जीव घेतला होतास माझा!"

हसू विरलं. मग त्यांनी विचारलं, "बाकीचे नट पाहिलेस?"

"पाहिले."

"किती फिरले?"

एकही नाही, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तीन दिवस फसवून झालं होतं, आता आणखी फसवायची मला लाज वाटली.

"दोन," मी म्हटलं. "पहिल्या दिवशी. अर्धा अर्धा आटा."

त्यांनी आपला उजवा हात उलटसुलट करून पाहिला. मीच विचारलं, "मग? विकायची?"

"उद्या चाकं खाली टेकवू," ते म्हणाले. "ते चार तू आवळ, पण मी सांगेन तेव्हाच. त्याआधी हात लावलास तर याद राख." पायरीला रेटा देऊन ते उठले. "आणि ते दोन कुठले, दाखव मला."