काचेवर आदळलेला नवरंग

भाजे गावात आमचं घर अगदी डोंगराच्या पायथ्याला. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी आम्ही वर एक खोली बांधली, तेव्हा डोंगराकडं भिंतीऐवजी अख्खी काच हवी, हा हट्ट माझा. नवरा म्हणत होता, खिडकी पुरे. मी ऐकलं नाही. काच पुसून इतकी लख्ख ठेवायचे की समोरची झाडं तिच्यात जशीच्या तशी दिसायची.

यंदाच्या पावसाळ्यात एका सकाळी वर धप्पकन आवाज झाला. जाऊन बघते तर काचेखाली एक पक्षी पडलेला. मूठभर जीव, आखूड शेपटी. पाठ हिरवी, खांद्यावर चमकता निळा पट्टा, पोटाखाली लालभडक. चोच उघडी होती. ओढणीत घेऊन मी सासूबाईंकडं धावले.

"अम्मी, बघा हो काय झालं!"

त्यांनी त्याला ओंजळीत घेतलं आणि बघतच राहिल्या.

"अगं, ह्यो नवरंग. सकाळी करवंदीच्या जाळीतनं शीळ घालतो ना, त्योच. तुझे सासरे रंग सांगायचे ह्याचे. लग्न होऊन आले तवापासून शीळ ऐकते, पर दिसला न्हाई कधी. पाल्यापाचोळ्यात खालीच हिंडतो, माणसाची चाहूल लागली की गडप."

आम्ही त्याला चपलांच्या खोक्यात फडक्यावर ठेवलं, झाकण अर्धवट लावलं. दुपारपर्यंत तो गेला.

अम्मींनीच त्याला जाळीपाशी पुरलं. हात धुताना मला म्हणाल्या, "तुझ्यामुळं बघाया तरी मिळाला गं."

टोमणा नव्हता तो. खरंच म्हणत होत्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी जाळीतून शीळ आली. थांबून पुन्हा आली. दुसरा असेल, जोडीदार असेल, ठाऊक नाही. मी चुलीपुढून उठून आत जाऊन बसले.

नवरा समजावत राहिला, "आपण काय मुद्दाम केलं का?" मुद्दाम नव्हतं. पण चिमण्या त्या काचेवर चोची मारतात, हे मी आधीपासून बघत होते, आणि हसत होते.

दुसऱ्या दिवशी इंदुरी गावातल्या माझ्या भावाकडून मासे धरायचं जुनं जाळं आणलं आणि काचेपुढं बाहेरून ताणून बांधलं. शनिवारी पुण्याचं एक जोडपं आलं. बाई म्हणाल्या, "फोटोत तर मस्त व्ह्यू होता. हे जाळं काढता येईल का?"

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "नाही काढता येणार. हवं तर गच्चीत खुर्च्या टाकते."

कारण विचारलं त्यांनी. खुर्च्या उचलून मी गच्चीकडं निघाले.