तिकिटावर सुमन, पासपोर्टवर द्वारका

मंडळी, आज काही सुचत नाहीये, म्हणून इथे लिहितोय.

आईबाबांच्या पहिल्यावहिल्या क्रूझची कागदपत्रं दुपारी निर्मळ गावातल्या आमच्या घरी कुरियरने आली. तिकिटं, सूचना, बॅगांना लावायचे टॅग. आईने केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीची, दोरी काढून स्वतःच्या नावाचा टॅग नव्या बॅगेला लगेच बांधलासुद्धा.

मग मी सूचना वाचल्या. तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच हवं. आईच्या तिकिटावर होतं सुमन, बुकिंग करताना मीच दिलेलं. पासपोर्ट उघडला तर द्वारका. तो मामाने शाळेच्या दाखल्यावरून काढून दिला होता. मामा तिला द्वारका म्हणायचा, ते मला लाडाचं नाव वाटायचं. लग्नात तिचं नाव बदललं, हे मला आज कळलं.

एजंटला फोन केला. "आता नाव बदलता येत नाही साहेब, आणि नवं तिकीट काढायचं तर जहाज फुल आहे."

बाबा म्हणाले, "मग मीही जात नाही."

आई टॅगची गाठ सोडवत होती. म्हणाली, "राहू दे रे. मामा गेल्यापासून द्वारकाला कोणी हाकसुद्धा मारलेली नाही."

तुमच्या आईला तिच्या पहिल्या नावाने हाक मारणारं अजून कोणी आहे का?