आता आईचं

"बाळाचं झालं. आता आईचं."

मी बाळाला लसीची सुई टोचून कापूस दाबते न दाबते तोच त्या दारात हजर. रडणारं बाळ उचलून सोबतच्या आजीच्या हातात द्यायच्या. "आजी, तुमच्याकडंच शांत होईल हे. बाहेर उन्हात बसा जरा." आजी खूश होऊन निघायची आणि खोलीचं दार लागायचं. बाळंतिणीला एकटीला गाठणं किती अवघड, हे तुम्हीही पाहिलं असेल.

त्या आमच्या दवाखान्यातल्या समुपदेशक बाई. बाळंतपणानंतर नवराबायकोच्या संबंधांविषयी बोलणं हे त्यांचं काम. मला भारी कुतूहल. मुली मान खाली घालून आत जायच्या आणि कधी डोळे पुसत, कधी चक्क हसत बाहेर यायच्या.

"एवढं काय विचारता हो?"

"तू कशी आहेस, एवढंच. तेवढं सोडून सगळं विचारून झालेलं असतं तिला."

चितेगावची एक मुलगी दीड महिन्याच्या डोसाला आली, तेव्हा तिची आई कावलेली. "सासरचे न्यायला यायचं म्हनत्यात, अन् ही रोज नवं कारण काढती. आज लेकराचं पोट दुखतं, उद्या अमावास्या. असंच चाललं तर संसार मोडंल हिचा." बाईंनी त्या आईच्या हातात बाळ दिलं, तिला उन्हात पाठवलं आणि दार लावलं.

पुढच्या डोसाला मुलीसोबत नवरा आला. शेंद्र्याच्या कारखान्यात मशीनवर होता. "सिस्टर, आज आजी नाहीत. बाळ घेऊन तुम्हीच आत बसा," बाई म्हणाल्या. आंधळा मागतो एक डोळा, तशी माझी गत.

बाईंनी मुलीकडं पाहिलं. तिनं मान हलवल्यावरच त्या बोलू लागल्या. टाक्यांची जागा अजून दुखते. अंगावर पाजणाऱ्या बाईला कोरडेपणाही येतो. त्यावर उपाय आहे, डॉक्टरबाई तपासतील. पण जवळ यायचं म्हटलं की तिला धडकी भरते, म्हणून ती सासरी येत नाही. पोरगा पंख्याकडं बघत बसला होता.

"तुमच्या हाताला टाके पडले असते, तर मशीनवर कधी गेला असतात?"

"डॉक्टर म्हनंल तवा."

"इथं डॉक्टरनं म्हणून भागत नाही. तिनंही म्हणायला हवं. आणि दुखलं की थांबायचं."

त्याची नजर पंख्यावरून बायकोकडं वळली. मग म्हणाला, "मला वाटलं, हिला मी नकोसा झालो."

"येडे का तुम्ही?" म्हणत मुलगी रडायलाच लागली. मला त्या पोराची फार माया आली. इतके दिवस तोही घाबरलेलाच होता की.

त्या आठवड्यात ती आपणहून सासरी गेली.

आता बाई निवृत्त होऊन लेकाकडं गेल्या. त्यांच्या खोलीत औषधांची खोकी रचली आहेत. पण तिकडं पाहिलं की मला साडेतीन महिन्यांच्या डोसाचा दिवस आठवतो. मुलगी आणि नवरा आले होते, आईही आली होती. मी सुई दिली, बाई दारात आल्या. त्या काही बोलायच्या आत आईनंच बाळ लेकीच्या हातात ठेवलं. "जा, उन्हात बस जरा." आणि बाईंबरोबर आत जाऊन स्वतःच दार ओढून घेतलं.

मुलगी माझ्याकडं बघतच राहिली. "सिस्टर, आई आत काय करती?"

"बाळाचं झालं, तुझं झालं," मी म्हटलं, "आता तिचं."